'पर्सी जॅक्सन'विषयीच्या एक स्टार अभिप्रायास दुकानातर्फे उत्तर

सप्रेम नमस्कार,

पोवई नाक्यावरील आमच्या पुस्तकाच्या दुकानाविषयी आपण लिहिलेला अभिप्राय वाचला. आपल्या मुलासाठी आम्ही रिक रायर्डन यांची 'द लायटनिंग थीफ' ही कादंबरी सुचवली. त्याने ती उघडण्यापूर्वी आपण सर्वांनी घरी तिच्यावरचा २०१० चा चित्रपट पाहिला, तो कंटाळवाणा निघाला आणि पुस्तक न वाचताच कपाटात गेले. 'चुकीचे पुस्तक गळ्यात मारले आणि पैसेही परत दिले नाहीत' ही आपली तक्रार आहे.

चित्रपटाविषयी आपण जे लिहिले आहे, त्यातील एकही शब्द मला खोडावासा वाटत नाही. हॅरी पॉटरचे पहिले दोन चित्रपट करणारे ख्रिस कोलंबस दिग्दर्शक असूनही हा चित्रपट फसला, आणि तो का फसला हे पाहिले की कादंबरीवर त्याचा राग काढणे अन्यायाचे आहे हे लक्षात येते. कादंबरीचा नायक पर्सी बारा वर्षांचा आहे. चित्रपटात तो थेट सोळा-सतराचा केला आहे. २००५ ते २००९ या काळात आलेल्या पाच पुस्तकांची ही मालिका ज्या भविष्यवाणीवर उभी आहे, ती सांगते की झ्यूस, पोसायडन आणि हेडीस या तीन ग्रीक देवभावांपैकी एकाचे मूल सोळा वर्षांचे झाले की ऑलिंपसचे, म्हणजे देवांच्या निवासस्थानाचे, भवितव्य ठरेल. अशाच एका देवाचा मुलगा असलेला नायक सुरुवातीलाच त्या वयाचा दाखवल्यावर पुढच्या चार पुस्तकांचा ताण उरतच नाही. युद्धदेव एरिसचा कादंबरीतला वाटा चित्रपटात नाही, पडद्यामागून सूत्रे हलवणारा क्रोनोस, म्हणजे या देवभावांचा बापही नाही, त्यामुळे झ्यूसचे वज्र चोरणाऱ्याच्या मागचे खरे कारणच हरवते. (चोराचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण हा मजकूर मुलेही वाचतात.)

मात्र सर्वांत मोठे नुकसान झाले ते पर्सीच्या आवाजाचे. कादंबरी तो स्वतः सांगतो. आपल्या हातून गणिताच्या बाईंची चुकून वाफ झाली, हे पहिल्या प्रकरणाच्या शीर्षकातच सांगून टाकणारा हा मुलगा आहे. रायर्डन यांनी ही गोष्ट प्रथम आपल्या मुलाला झोपताना सांगितली, आणि त्या मुलाला डिस्लेक्सिया (वाचताना अक्षरे ओळखण्यात अडचण) व एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अति चुळबुळ) होता. म्हणूनच पर्सीची अक्षरे डोळ्यांपुढे तरंगतात, कारण त्याचा मेंदू प्राचीन ग्रीक वाचण्यासाठी घडलेला आहे, आणि त्याची चुळबुळ ही लढवय्याची सावधगिरी असते. चित्रपटात हे एखाद्या वाक्यात उरकले आहे. 'आमचा मुलगा दहा मिनिटे एका जागी बसत नाही' असे आपणच अभिप्रायात लिहिले आहे. अशा मुलासाठी मी आजही हेच पुस्तक सुचवीन.

पुढचे सिनेमे २०१३ मध्ये दुसऱ्या भागानंतर थांबले. २०२३ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या वेबमालिकेत लेखक स्वतः सहभागी आहेत आणि पर्सी पुन्हा बारा वर्षांचा आहे, तरी तीही पुस्तकानंतरच दाखवावी, अशी माझी विनंती आहे.

रोख परतावा आम्ही देत नाही, हे बिलावर छापलेले आहे. पुस्तक न हाताळलेले, नव्यासारखे असेल, तर तेवढ्याच किमतीचे दुसरे बदलून देऊ. त्याआधी मुलाला पहिली तीन प्रकरणे वाचू द्यावीत, किंवा आपण मोठ्याने वाचून दाखवावीत. सोमवार सोडून रोज सकाळी दहापासून मी स्वतः दुकानात असतो.