नक्कल, बनावट आणि सोन्याचे रवे

नमस्कार,

माझ्या लिखाणावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खरं सांगतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एकोणिसाव्या शतकातले 'एट्रुस्कन' (रोमनांच्या आधी इटलीत नांदलेल्या लोकांच्या) धाटणीचे दागिने ही थडग्यातल्या सोन्याची नक्कल, त्यात कारागिरी कसली? शिवाय रोमच्या कास्तेल्लानी या सोनार घराण्याने रवेकामाचं, म्हणजे पत्र्यावर सोन्याचे बारीक गोल कण जोडून नक्षी करण्याचं, गुपित उलगडलं, हे माझं वाक्य साफ चूक.

दुसरा मुद्दा मान्य. वाक्य बदललं आहे.

पण ती चूक सुधारताना पहिल्या मुद्द्यावरचं माझं मत उलट पक्कं झालं. फोर्तुनातो पिओ कास्तेल्लानी यांनी १८१४ साली दुकान काढलं. १८३६ मध्ये रोमजवळ चेर्वेतेरीला रेगोलिनी-गलास्सी हे एट्रुस्कन थडगं उघडलं. त्यात जवळपास फूटभर लांबीची सोन्याची पिन निघाली. तिच्यावर सिंह, खाली रांगेने बदकं, आणि बारीक रव्यांचं काम. हे घराणं त्या कामाने झपाटलं.

अडचण रवे करण्यात नाही. सोन्याची कातरण कोळशाच्या पुडीत घालून तापवली की वितळलेला कण आपोआप गोल होतो. अडचण ते जोडण्यात. नेहमीची डाक (सांधा जोडायचा, लवकर वितळणारा मिश्रधातू) लावली की ती वितळून दोन रव्यांच्या फटीत शिरते आणि नक्षीचा गिलावा होतो. कास्तेल्लानींनी सांत'आंजेलो इन वादो या डोंगरी गावातून जुनी पद्धत टिकवून असलेले कारागीर रोमला आणले, डाक नीट वाहावी म्हणून टाकणखाराऐवजी आर्सेनिकचे क्षार वापरले, डाक पिठासारखी बारीक केली. काम सुरेख झालं, पण एट्रुस्कन सोनारांची बारकाई आली नाही. प्राचीनांकडे आपल्याला न गवसलेली काही युक्ती असावी, हे फोर्तुनातोंचा मुलगा आलेस्सांद्रो याने उघड कबूल केलं.

ती युक्ती १९३०च्या दशकात लिटलडेल या इंग्रज माणसाने दाखवली. तांब्याचा क्षार डिंकात कालवून रवे चिकटवायचे. तापल्यावर डिंकाचा कोळसा होतो, तो क्षारातलं तांबं मोकळं करतो, आणि टेकल्या जागीच ते सोन्यात मिसळतं. सोनं १०६४ अंशांना वितळतं. हा मिश्रधातू सुमारे ९०० लाच. वेगळी डाक लागतच नाही.

मी हे चांदीवर करून पाहिलंय. सरसात तांब्याचा क्षार, ब्रशच्या टोकावर एकेक रवा, दीड तास खपून जेमतेम नखाएवढी त्रिकोणी नक्षी. ज्योत डोळ्याची पापणी लवेल तेवढी जास्त राहिली आणि अर्धे रवे पत्र्यात बुडाले. 'नक्कल करायला काय लागतं' हे तुमचं वाक्य तेव्हा नव्हतं, ते बरं झालं.

आता नक्कल आणि बनावट (फसवणूक) यांतल्या फरकाबद्दल. १८९६ मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने सैतफर्नीस या सिथियन राजाचा म्हणून सांगितलेला सोन्याचा मुकुट प्राचीन म्हणून दोन लाख फ्रँकला घेतला. १९०३ मध्ये ओदेसाचा सोनार इस्राएल रुखोमोव्स्की पॅरिसला आला आणि तो आपणच घडवल्याचं त्याने करून दाखवलं. मुकुट प्राचीन म्हणून विकला गेला, म्हणून ती बनावट. कास्तेल्लानी मात्र आपल्या दागिन्यांवर एकमेकांत गुंतलेल्या दोन 'सी'चा शिक्का मारत, म्हणजे काम आपलंच असल्याचं लपवत नसत.

तुमच्या बाजूने बोलणारा एक पुरावा मात्र मीच देतो. काम्पाना या रोमच्या संग्राहकाच्या संग्रहातल्या प्राचीन दागिन्यांची डागडुजी याच घराण्याने केली, आणि तिथे जुने-नवे तुकडे असे जुळवले गेले की पुढच्या अभ्यासकांना ते निवडत बसावं लागलं. तिथे शिक्का नाही. त्याबद्दल त्यांची बाजू घेणार नाही.

साच्यातून ओतलेल्या आजच्या मालाला तुम्ही त्याच रांगेत बसवलंत, ते मात्र पटलं नाही. दहापट भिंगातून रव्याच्या बुडाशी बघा. हाताने जोडलेला रवा पत्र्याला जेमतेम टेकलेला असतो, खाली बारीक सावली दिसते. ओतीव कामात तिथे सावली नसते. रवा फोडासारखा पत्र्यातूनच वर आलेला असतो.