शनिवारची मिस्सा चालते की!

रविवारी सकाळी पुण्याच्या ससून रुग्णालयात जेवणाचे डबे वाटायला गेलं की मिस्सा (कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना) बुडते, अशी अडचण एका लेखात मांडली आहे; ती मला पटली नाही. शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेनं रविवारी मिस्सेला जाण्याचं कर्तव्य पूर्ण होतं, कॅनन लॉचं, म्हणजे चर्चच्या कायद्याचं, कलम १२४८ तेच सांगतं.

खरी ओढाताण आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर) नेताना होते. मिस्सेतून ख्रिस्तप्रसादाची डबी घेऊन थेट निघायचं, वाटेत क्वार्टर गेटला चहा नाही की भाजी नाही. आदल्या दिवशी घरी फोन करून छोटं टेबल, स्वच्छ कापड, मेणबत्ती आणि पेलाभर पाणी तयार ठेवायला सांगावं. ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती पेटवायचीच नाही. गिळायला त्रास असेल तर ख्रिस्तप्रसादाचा कणभर तुकडा, मागून चमचाभर पाणी. ख्रिस्तप्रसाद घेण्याआधीचा एक तासाचा उपवास वृद्ध-आजाऱ्यांना लागू नाही, तरी कितीतरी आज्या सकाळची गोळीसुद्धा न घेता बसून राहतात! हेही फोनवरच सांगून टाकावं. एकाकडे तीन-चार घरंच द्यावीत, नाहीतर प्रार्थना उरकली जाते आणि आजीचं बोलणं राहूनच जातं.

डब्यांचं म्हणाल तर रुग्णाला परस्पर देऊ नयेत. कुणाला मधुमेह, कुणाला ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेलं. वॉर्डातल्या नर्सना विचारून बाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना द्यावेत. आणि फोटो कृपया नकोत.