गाडी मागनं बसलीय? बसू दे की!

तर भावांनो, तुमची गाडी मागनं बसली असंल आणि दारात उभी केल्यावर नाक वर करून पन्हाळ्याकडं बघत असंल, तर पहिल्यांदा एक चहा घ्या आणि दोष कुणावर ढकलायचा ते ठरवा. तपासणी नंतर, जमलं तर नकोच. पहिला मान खड्ड्यांचा, कोल्हापुरात त्याला साक्षीदार गोळा करावे लागत नाहीत. दुसरा मान मागं बसणाऱ्या पाव्हण्यांचा. आम्ही दोन वर्षं मेव्हण्यावर बिल फाडलं, पण गेल्या चैत्रात जोतिबाला गेलो तर वर पार्किंगमध्ये तो उतरला, गाडीकडं बघितलं आणि म्हणाला, "दाजी, मी उतरलो तरी उजवी बाजू खालीच हाय की." असल्या बारीक नजरेच्या माणसाला पुढच्या वेळी एसटीनं पाठवायचं.

डिकीत सीएनजीची टाकी बसवली असंल तर तिचं नाव पण काढू नका. मोठी लोखंडी टाकी म्हणजे पन्नासेक किलोचा माणूस डिकीत कायमचा झोपवलेला, आणि स्प्रिंगा मात्र त्याच, कंपनीनं टाकी नसताना दिलेल्या. पण मेव्हणा दिसतो, टाकी झाकलेली असते.

काही अतिशहाणे टेप घेऊन येतील. सपाट जागा बघायची, चारी टायरमध्ये बरोबर हवा भरायची, मग चाकाच्या मध्यापासनं वर मडगार्डच्या कडेपर्यंत डावीउजवी मापं घ्यायची आणि ताडून बघायची. आमची उजवी साडेतीन सेंटिमीटर खाली निघाली. म्हणून सांगतो, टेप पडद्याच्या कापडासाठीच ठेवा.

मग कुणीतरी कोपरा दाबून बघा म्हणतो. डिकीवर जोर देऊन दाबायचं आणि हात काढायचा, शॉकअप, म्हणजे चाकापाशी गाडीचे हेलकावे जिरवणारी तेलाची नळी, चांगला असंल तर गाडी वर येते, जराशी खाली जाते आणि गप्प उभी राहते. आमची पंचमीच्या झोक्यागत चालूच राहिली, गल्लीतली पोरं आकडे मोजायला लागली, चारला टाळ्या पडल्या. ह्याला कम्फर्ट म्हणायचं. लोक असल्या मऊ गाडीसाठी वीस-वीस लाख मोजतात, आपल्याला फुकट मिळालंय.

खाली वाकून बघायची तर चूकच करू नका. मी केली. शॉकअपच्या नळीवर तेल आणि धुरळा मिळून काळा लगदा झालेला, बोट लावलं तर नखातनं आठवडाभर निघंना. नुसती ओलसर झाक चालते म्हणे, पण ओघळ खालपर्यंत आला तर आतलं सील गेलं समजायचं. त्यावर आपल्याकडं उपाय आहे, फडकं. पुसलं की गळती संपली, निदान सोमवारपर्यंत. टायरवरनं तळहात पण फिरवू नका, जात्याला टाकीचे घाव घातल्यागत खड्डे हाताला लागतात, आणि मग चाक रस्त्यावर टेकायच्या ऐवजी नाचत चाललंय हे उगंच कळतं. रात्री समोरचे लोक शिव्या देत डिपर मारत असतील तर मारू द्या. शेपूट खाली गेल्यामुळं आपले लाईट वर गेलेत, गगनबावड्याच्या रस्त्याला झाडावरची वटवाघळं दिसतात, रस्ता दिसला नाही म्हणून काय झालं.

एवढं होऊनही खर्च करायचाच असंल तर नेमका चुकीचा करा. गाडी बसलीय ना, मग नवे शॉकअप घाला. वजन पेलायचं काम स्प्रिंगचं, शॉकअपचं काम तिचं नाचणं आवरायचं, हे गॅरेजवाल्याला विचारायला जायचंच नाही. नवे शॉकअप घातल्यावर गाडी तितकीच बसलेली राहते, फक्त जास्त शिस्तीत बसते. आणि मग स्प्रिंगच्या वेढ्यांच्या मधी घालायचे रबरी बफर मिळतात ते घ्या, स्प्रिंग थकलेली तशीच, वर कुबडी. लई स्वस्त पडतं, पैसे दोनदा जातात एवढंच.

शेवटी बायकोच्या दट्ट्यानं उद्यमनगरात गेलो. मिस्त्रीनं गाडी उचलली, उजवं चाक काढलं आणि आतनं बोटभर लांबीचा तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा, चिखल साठून गंजतो तिथंच मोडलेला. मोडलेल्या तोंडाशी निम्मा भाग तांबूस गंजलेला आणि निम्मा चकचकीत, म्हणजे चीर लई जुनी, अलीकडं फक्त सुटली. "मालक, आवाज येत नव्हता व्हय?" येत होता की. टक्क करून यायचा. आम्ही त्याला मेव्हण्याचा गुडघा समजत होतो.

मिस्त्री म्हणाला दोन्ही बाजूच्या जोडीनं बदला, एक नवी एक जुनी ठेवली तर गाडी लंगडणार. ऐकू नका. मी एकच बदलली, अर्धे पैसे वाचवले. आता उजवी बाजू वर आणि डावी खाली. त्यावर उपाय सापडलाय, मेव्हण्याला उजवीकडं बसवायचं.