गणपतीला नाही, साध्या दिवसांत घरी या

यंदा गणपती 14 सप्टेंबरला आहेत. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, पूर्वी 120 दिवस असायचं. त्यामुळे सध्या आखातातल्या आमच्या चाकरमान्यांच्या ग्रुपवर एकच विषय चालू आहे, तिकीट. तिकडे सकाळी आठला आरक्षण सुरू होतं तेव्हा शारजात साडेसहा वाजलेले असतात. कंपनीच्या बसच्या रांगेत पोरं मोबाईल धरून उभी असतात आणि पाच मिनिटांत वेटिंगचा आकडा बघून गप्प होतात. बारा वर्षं मीही त्या रांगेत उभा राहिलो. यंदा तिकीट काढलेलं नाही, म्हणून ग्रुपवर दोघांनी विचारलं, "देवाला विसरलास काय रे?" त्यांना तिथे दोन ओळींत सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

वर्षाच्या 30 दिवसांच्या रजेतले 20 दिवस मी नेहमी गणपतीला घ्यायचो आणि उरलेल्या दहांचे पैसे घ्यायचो. गेल्या वर्षीच्या 20 दिवसांचा हिशोब एकदा रात्री खोलीवर बसून मांडला. विरारला बायको-मुलीकडे चार दिवस. ठाण्याची बहीण, नालासोपाऱ्याचे काका, "आलास आणि तोंड दाखवलं नाहीस" असं कोणी म्हणू नये म्हणून आणखी तीन घरं. मग लांज्याजवळच्या आमच्या गावी नऊ दिवस, घरात बावीस माणसं. वाडीतल्या घरोघरी आरत्या, रात्री भजनं, गौरी, ओवसा, विसर्जन. उरलेले दिवस पुन्हा मुंबईत, बॅगा आणि खरेदी. आई-बाबांशी एकट्याने बोलायला मिळाली ती एक संध्याकाळ, तीही विसर्जनानंतरची, सगळे दमून झोपल्यावर.

जानेवारीत साइटवर काम कमी होतं, साहेब म्हणाला जाऊन ये. बारा वर्षांत पहिल्यांदा मी सणाशिवाय घरी गेलो. मांडवी एक्स्प्रेसला खिडकीची जागा मिळाली, दुपारी रत्नागिरीला उतरलो, एसटीने लांजा, पुढे रिक्षा. घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. एवढ्या मोठ्या घरात फक्त पडवीतला एक दिवा लागलेला. बाकी सगळा अंधार, कारण दोघांना तेवढाच लागतो.

ओटीच्या ज्या कोपऱ्यात आम्ही मखर बांधतो, तिथे एरवी काय असतं हे मला माहीतच नव्हतं. तिथे एक लाकडी स्टूल असतं आणि त्यावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात बाबांच्या गोळ्या. कोणाच्या तरी लग्नपत्रिकेची दोन जुनी पाकिटं, एकावर "सकाळ", दुसऱ्यावर "रात्र", शेजारच्या शाळकरी मुलीच्या अक्षरात. मी पाकिटं उघडली. बीपीची आणि साखरेची, दोन्ही पट्ट्या चंदेरी, कात्रीने अर्ध्या कापलेल्या, नाव असलेला भाग कधीच संपलेला. रात्रीची गोळी सकाळच्या पाकिटात होती. बाबा म्हणाले, "मी हाताला ओळखतो रे." हाताला का, तर डोळ्यांना दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. गणपतीत तो डबा कपाटावर जातो आणि बाबांना गोळी हातात आणून द्यायला घरात दहा माणसं असतात. आरत्या त्यांना तोंडपाठ आहेत, पुस्तक लागतच नाही. मला कळणार कुठून?

आईचंही तसंच. गणपती पावसात येतात, विहीर काठोकाठ असते, पाणी वाडीतली पोरं भरतात. जानेवारीत नळाला एक दिवसाआड पाणी, आणि नळ पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, खाली. आई कळशी अर्धी भरते, वर येते, पुन्हा जाते. मधल्या पायरीवर कळशी टेकते आणि गुडघा दाबत उभी राहते. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर मी तिला पडवीत बसलेली बघायचो, कारण रेंज तिथेच मिळते. पाखाडी मला मोबाईलमध्ये कधी दिसली नाही.

"आम्ही बरे आहोत" असं दोघं सांगायचे तेव्हा ते खोटं बोलत नव्हते. सण अंगात बळ आणतो, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. पोरगा येणार म्हटल्यावर आई आठवडाभर आधीपासून घर सारवते, बाबा कंबर बांधून मखराचे बांबू तासतात. त्या नऊ दिवसांत दोघं खरंच बरे असतात. पण उरलेले साडेतीनशे दिवस ते कसे राहतात ते बघायचं असेल, तर त्या दिवसांतच जायला हवं.

आणि कामंसुद्धा तेव्हाच होतात. गणपतीत डॉक्टरही आपापल्या गावी गेलेले असतात, बँकेला सणाची सुट्टी, तलाठी भेटत नाही. जानेवारीच्या दहा दिवसांत रत्नागिरीला बाबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, बँकेची केवायसी झाली, नळापासून वरच्या टाकीपर्यंत पाइप आणि छोटी मोटर बसली. विमानाचं तिकीट ऑगस्टच्या निम्म्याहून कमी पडलं, तो पैसा मोटरीला गेला.

सगळ्यांनी असंच करावं असं मी म्हणत नाही. कंपनी देईल तेव्हाच रजा घ्यावी लागणारे खूप आहेत. ज्यांचे आई-वडील धडधाकट आहेत, घरात भाऊ-भावजय आहेत, त्यांनी खुशाल गणपतीला जावं. मी सत्तरी ओलांडून एकटे राहणाऱ्यांच्या मुलांशी बोलतोय. बायको नाराज आहे. "पोरीला गणपतीत बाप हवा असतो," म्हणते. तिचं खरं आहे आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. 14 तारखेला झांजा वाजायला लागतील तेव्हा मी शारजात गोदामात माल मोजत असेन, आणि मला रडू येईल हेही मला आत्ताच माहीत आहे.

जानेवारीत निघताना आईने ताणकाट्यावर बॅग तोलली. कुळथाचं पीठ, आमसुलं, उन्हाळ्यात जपून ठेवलेली आंबापोळी. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या काढून ठेवल्या, कारण त्यात तेल असतं, पेट घेऊ शकतं म्हणून विमानाच्या सामानात चालत नाही. अनारसे होते, पण खसखशीशिवाय. यूएईत खसखशीवर बंदी आहे, नुसते दाणे सापडले तरी माणूस आत जाऊ शकतो. हे मी तिला पहिल्या वर्षी सांगितलं होतं, तेव्हापासून ती माझ्यासाठी कोरडेच अनारसे करते आणि दरवेळी "खसखशीशिवाय कसला तो अनारसा" असं पुटपुटते. थांब्यापर्यंत दोघं आले. गाडी वळणावर दिसली तेव्हा बाबांनी काळ्या चष्म्यातून आधी पाटी वाचली आणि मग मला उठवलं.

पुढच्या जानेवारीचा रजेचा अर्ज परवा दिलाय, डावा डोळा तेव्हा करायचा आहे. फोनवर आईला सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही, गणपतीला येणार नाही हे तिला लागलं असणार. मग म्हणाली, "जानेवारीत अनारसे खसखशीवर थापते. इथेच बसून खा, नेऊ नको."