फुग्याला हसताय खरं, पण...

२०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्याजवळ हेरगिरीचा संशय असलेला तो चिनी फुगा पाडला तेव्हा मीम्सचा नुसता पूर आला होता, एफ-२२ सारखं लढाऊ विमान आणि त्याने पहिल्यांदा हवेत पाडलं काय तर फुगा! हसायला मलाही आलं, पण "सॅटेलाइटच्या जमान्यात फुगे कोण वापरतं" असं जे छातीठोकपणे लिहीत होते ना, त्यांचं मला अजिबात पटत नाही.

अहो पाळत ठेवणं हे वेगाचं काम नाहीच मुळी, ते ठाण मांडून बसायचं काम आहे. खालच्या कक्षेतला सॅटेलाइट काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातो, ड्रोनला कधीतरी उतरावंच लागतं, दोराने जमिनीला बांधलेला फुगा (त्या चिनी फुग्यासारखा मोकळा सोडलेला नव्हे) मात्र हवा बरी असली की दिवसच्या दिवस तिथेच. शिवाय जमिनीवरच्या रडारला पृथ्वीच्या गोलाईमुळे जमिनीलगत उडत येणारं क्रूझ मिसाइल फार उशिरा दिसतं, तेच रडार ३ किलोमीटर वर टांगा, त्याचं क्षितिज २०० किलोमीटरच्या पलीकडे जातं. साधी भूमिती आहे हो.

फ्रेंचांना हे १७९४ मध्येच कळलं होतं. बेल्जियममधल्या फ्लरूसच्या लढाईत कुटेल नावाचा अधिकारी हायड्रोजनच्या फुग्यातून ऑस्ट्रियन फौजेच्या हालचाली बघून चिठ्ठ्या खाली सोडत होता. आणि गंमत म्हणजे १७९९ मध्ये फ्रेंचांनी ती फुगेवाली तुकडीच बरखास्त केली, असले निर्णय घेणारे तेव्हाही होतेच.

पहिल्या महायुद्धात तर फुग्याच्या टोपलीत दुर्बीण आणि टेलिफोन घेऊन माणूस बसवायचे, तो तोफखान्याला सांगायचा गोळा कुठे पडला, डावीकडे घ्या की पुढे टाका. डोक्यावर हायड्रोजन, समोरून शत्रूचं विमान आग लावणाऱ्या गोळ्या झाडत येतंय आणि खाली विंच (दोर गुंडाळायचं यंत्र) चालवणारे जिवाच्या आकांताने दोर ओढतायत, नाहीच जमलं तर पॅराशूट घेऊन टोपलीबाहेर उडी. हे निवांत काम होतं असं कुणी म्हणू नये.

माझ्या मते अशा बांधलेल्या फुग्याची खरी गोची जुनेपणाची नाही, दोराची आहे. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये मेरीलँडमधला जेलेन्स या अमेरिकी लष्कराच्या रडारवाल्या फुग्यांच्या प्रोजेक्टचा फुगा सुटला, अब्जावधी डॉलर ओतलेला प्रोजेक्ट बरं का, आणि तो साधारण २ किलोमीटर केबल फरपटत पेनसिल्व्हेनियात गेला, वाटेत विजेच्या तारा तोडून हजारो घरं अंधारात घातली. पाळतीला एफ-१६ विमानं पाठवली होती. शेवटी तो झाडांत अडकला आणि त्यातला उरलेला गॅस काढायला पोलिसांनी काय केलं, तर शॉटगनने त्याला भोकं पाडली! पुढे तो प्रोजेक्टच गुंडाळला. आता याच्यावर मीम्स करा, माझी काही हरकत नाही.