बालवाडीतला खेळ आणि ‘अभ्यास’: एका पालकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आमच्या बालवाडीतल्या सकाळबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही मनापासून आणि स्पष्ट लिहिलंत. म्हणून उत्तरही सविस्तर देते.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. मुलगी चार वर्षांची आहे, जूनमध्ये तिला कुठे घालायचं ते ठरवायचंय. शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा एलकेजीत शंभरपर्यंत आकडे लिहितो आणि आमच्याकडे मुलं चिखल कालवतात, भाजीबाजार मांडतात. खेळायचंच असेल तर गल्लीत खेळतील की, त्याला फी कशाला? बेळगावात राहायचं तर कन्नड हवं, इंग्रजी हवं, नुसत्या मराठी गाण्यांनी काय होणार? आणि एवढ्या लहान मुलांच्या हातात चिंचोके देणं धोक्याचं आहे.

चिंचोक्यांचं आधी सांगते. तुमची काळजी रास्त आहे. लहान मुलं हाताला लागेल ते तोंडात, नाकात घालतात, म्हणून छोट्या गटाला आम्ही मुठीत न मावणारे लाकडी ठोकळे आणि करवंट्या देतो. चिंचोके फक्त मोठ्या गटाला, तेही ताटलीत मोजून आणि बाई शेजारी बसलेल्या असताना. खेळ संपला की मुलंच ते मोजून परत देतात. एक जरी कमी भरला तरी सगळी चटई झटकली जाते.

आता शंभरपर्यंतचे आकडे. तुमच्या शेजारच्या मुलाला कमी लेखायचं नाही, त्याची पाठांतरशक्ती चांगलीच असणार. पण एकदा त्याच्यापुढे वीसेक खडे ठेवून ‘यातले मला सात दे’ असं म्हणून बघा. या वयाची पुष्कळ मुलं घडाघडा वीसपर्यंत म्हणतात आणि सात मागितले की मूठभर उचलून देतात. आकडे ओळीने म्हणणं वेगळं आणि मोजणं वेगळं. एका वस्तूला एकच आकडा, एकही वस्तू सुटता कामा नये, एकही दोनदा मोजता कामा नये, आणि शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे एकूण तेवढ्या, एवढं सगळं मुलाला आतून उमगावं लागतं. पाच खडे जवळजवळ ठेवले आणि तेच पाच लांब लांब मांडले, तर ‘आता जास्त झाले’ असं चार वर्षांचं मूल खात्रीने सांगतं. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं. साधारण सहा-सात वर्षांचं होईपर्यंत ही समज पक्की होत नाही. वहीची पानं भरून ती लवकर येत नाही. हाताने मांडून, मोडून, पुन्हा मांडून येते.

म्हणून आमचा बाजार. एका कोपऱ्यात दोन टोपल्या, एक जुना तराजू, भाजी खरीच असते. परवा एक मुलगी वांगी विकत होती. तिची आई खरोखर बाजारात भाजी घेऊन बसते, त्यामुळे हिचा थाट बघण्यासारखा होता. गिऱ्हाईक आलं, ‘एष्टु री?’, म्हणजे कितीला? हिने सांगितलं, ‘ऐदु रुपाय’, पाच रुपये. गिऱ्हाईकाने चिंचोके एकेक करून तिच्या हातावर ठेवले. एक, दोन, तीन, चार. तिने हात तसाच पुढे धरला. ‘अजून एक दे की.’ तो म्हणाला, संपले. ती थोडा वेळ हाताकडे बघत राहिली, मग टोपलीतलं सगळ्यात बारकं वांगं शोधून त्याला दिलं. पाचातून चार गेले की एक उरतो, हे तिला कुणी फळ्यावर शिकवलेलं नाही. कमी पैशाला कमी माल हेही नाही. आणि भाव ठरला कन्नडमध्ये, पैसे मोजले मराठीत. दोघांनाही त्यात काही वेगळं वाटलं नाही.

भाषेबद्दलची तुमची काळजी मला इथेच सुटलेली दिसते. खानापूर असो, निपाणी असो, नाहीतर बेळगावातल्या आपल्या गल्ल्या, आपली मुलं दोन भाषांच्या आवाजात वाढतात. आमच्या मदतनीस मावशी कन्नड बोलतात, त्या मुलांना जेवायला वाढताना कन्नडमध्येच वाढतात, आणि मुलं त्यांना त्याच भाषेत उत्तरं देतात. त्यासाठी आम्ही कन्नडचा तास ठेवलेला नाही. मराठीत गोष्ट ऐकताना जे मूल ‘मग काय झालं? का झालं?’ असं विचारायला शिकतं, ते तीच सवय घेऊन कन्नडकडे आणि इंग्रजीकडे जातं. घरच्या भाषेत ज्याला धड सांगता येत नाही, त्याला ए फॉर ॲपलने बोलतं करता येत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा धरला, त्यात खेळातून शिकण्यावर आणि घरच्या भाषेवर भर दिला, आणि पहिलीचं वय सहा पूर्ण धरलं. तुमच्या मुलीच्या हातात अजून दोन वर्षं आहेत.

चिखलाबद्दल जरा जास्त लिहिते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याचाच आहे.

मनगटात आठ छोटी हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा ती मऊ कूर्चेचीच असतात आणि पुढे वर्षानुवर्षं एकेक करून हाड होत जातात. चार वर्षांच्या मुलीच्या मनगटात अजून ती सगळी तयार झालेली नसतात. बोटांची ताकदही तोवर कमीच. अशा हाताला पानभर ‘अ’ गिरवायला लावला की मूल पेन्सिल मुठीत आवळून धरतं, खांद्यापासून जोर लावतं, दमतं आणि लिहिण्याचा कंटाळा मात्र लवकर शिकतं. मुठीत धरायची ती सवय पुढे मोडायला फार त्रास पडतो.

ज्येष्ठ अमावास्येला आपल्या भागात मातीचे बैल करतात. त्या सुमाराला आम्ही खानापूरकडची लाल माती आणतो. कौलं आणि मडकी करणाऱ्यांची ही माती, चिकट, हाताला छान लागते. मुलं आधी ती कालवतात, खडे वेचून काढतात, मळतात. त्यात पूर्ण तळहात आणि मनगट कामाला लागतं. मग अंग, चार पाय. पाय लावताना बैल बसतो, पुन्हा उभा करावा लागतो, पाय जाड करावे लागतात. शेवटी शिंगं. शिंग काढायला अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट या तिघांनीच माती चिमटीत धरून हळूहळू ओढावी लागते. जोर जास्त झाला की तुटतं. ‘बाई, ह्येचं शिंग मोडलं की वो!’ असा ओरडा दर दोन मिनिटांनी. पेन्सिल धरायला याच तीन बोटांची हीच पकड लागते, आणि जोर किती लावायचा हे मातीच शिकवते. हे लिहिण्याचंच काम आहे, फक्त वहीत दिसत नाही. म्हणून घरी वही पाठवली नाही की पालकांना वाटतं, आज काही झालं नाही.

अक्षरं आम्ही टाळत नाही. पाच वर्षांच्या पुढची मुलं रव्याच्या ताटात बोटाने गिरवतात, मग पाटीवर येतात. त्याआधी शब्दांच्या टाळ्या चालतात. वांगं म्हणताना दोन, टमाटा म्हणताना तीन. शब्द तुकड्यांनी बनतो हे कानाला कळलं की वाचन पुढे सोपं जातं.

आता गल्लीत आणि बालवाडीत फरक काय, फी कशाची? गल्लीतला खेळ मुलांना हवाच, तो बंद करू नका. पण इथे खेळ मांडलेला असतो. आज दोनच जातीच्या बिया वेगळ्या करायच्या, त्या जमल्या की पुढच्या आठवड्यात चार जातींच्या, मग रंग एक पण आकार वेगळा. कोण सातपर्यंत नीट मोजतो, कोण चारलाच अडकतो, कोण अजून एकटाच खेळतो, हे बाई रोज टिपून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशीचं सामान त्यावरून काढतात. हे आम्ही काही नवीन करत नाही. बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा महागड्या साधनांच्या जागी पानं, शंख-शिंपले, खडे, बिया असं गावात मिळेल तेच वापरलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्या दोघीच मुलांच्या अंगणात गेल्या. आजच्या अंगणवाडीच्या मागे ते काम उभं आहे. फुकट मिळणाऱ्या वस्तूंनी शिकवता येतं, पण त्या वस्तू कुठल्या मुलापुढे कधी ठेवायच्या, हे बाईंना कळावं लागतं. फी त्याची.

आमच्याकडेच घाला असं मी म्हणणार नाही. घराजवळची अंगणवाडी चांगली चालत असेल तर तिथेही घालू शकता. पण जिथे जाल तिथे भिंतीवरचे तक्ते बघून परत येऊ नका. मुलांच्या हाताला पोचेल अशा उंचीवर काय ठेवलंय ते बघा. मुलं बोलतायत की नुसती बाईंच्या मागे म्हणतायत, तेही बघा. मूल काही विचारायला उठलं तर त्याला ‘खाली बस’ म्हणतात की उत्तर देतात? आणि बाईंना कुठल्याही एका मुलाबद्दल विचारा, ते काल काय करत होतं. त्यांना सांगता आलं तर मुलीला तिथे निर्धास्त घाला, मग ती शाळा मराठी असो, कन्नड असो की इंग्रजी.

जूनपर्यंत घरी तिला मटार सोलायला बसवा, चपातीच्या कणकेचा गोळा खेळायला द्या, जेवताना ताटं तिलाच मोजून मांडू द्या. पेन्सिल मागितली तर द्या. हात धरून गिरवून मात्र घेऊ नका.