बादलीचा फोटो आणि दादाचा आकडा

अकरा महिने! घर विकायला काढून अकरा महिने झाले आणि टोकन सोडा, धड कुणी दुसऱ्यांदा बघायलासुद्धा आलेलं नाही.

आज सकाळी साडेनऊची वेळ दिलेली पार्टी साडेअकराला उगवली. मी सातपासून खिडक्या उघडून, फरशी पुसून, सगळे दिवे लावून बसलेली. साहेब आत आले, डॉक्टर पाठीवर टकटक करून बघतात तशी बोटाच्या पेराने हॉलची भिंत वाजवली, बेडरूममध्ये डोकावले, गॅलरीत जाऊन एक फोन घेतला आणि "छान आहे हो घर, घरी बोलून कळवतो" म्हणून निघाले. सात मिनिटं. घड्याळ बघितलं मी.

"छान आहे" हे दोन शब्द ऐकले की हल्ली माझं डोकंच फिरतं. ज्याला घर घ्यायचं असतं तो छान आहे म्हणत नाही. तो नावं ठेवतो. नळ गळतोय म्हणतो, कपाटाचं दार लागत नाही म्हणतो, ही भिंत पाडता येईल का विचारतो, कारण मनातल्या मनात तो तिथे राहायला लागलेला असतो. अकरा महिन्यांत अशी नावं ठेवणारी तीनच माणसं आली आणि तिन्ही हातची गेली, त्यातली दोन आमच्यामुळे. कशी, ते सांगते.

आधी फोटो. आमच्या एजंटने काढलेल्या फोटोंचं मी नाव काढलं की नवरा उठून दुसऱ्या खोलीत जातो, इतक्या वेळा ऐकलंय त्याने. जाहिरातीतला पहिला फोटो कशाचा आहे? बाथरूमचा. त्यात निळी बादली, बादलीवर वाळत टाकलेलं फडकं आणि कमोडचं झाकण उघडं. दुसरा फोटो बेडरूमचा. कपाटाच्या आरशात खुद्द एजंट महाराज, मोबाइल धरलेले, पोटापर्यंत व्यवस्थित दिसतायत. तिसरा भर दुपारी खिडकीकडे तोंड करून काढलेला, म्हणजे खिडकी पांढरीफटक आणि बाकी खोली काळोखी गुहा. ज्या हॉलमध्ये सकाळी दिव्याशिवाय वाचता येतं त्या हॉलचा फोटोच नाही! विचारलं तर म्हणाला, "मॅडम, घ्यायचा तो प्रत्यक्ष बघूनच घेतो." अरे पण प्रत्यक्ष यायला त्याला आधी यावंसं वाटायला नको का? माणूस रात्री अंथरुणात पडून अंगठ्याने घरं सरकवत असतो. एका घराला दोन सेकंद मिळतात. त्या दोन सेकंदांत आम्ही त्याला बादली दाखवतो.

बरं, फोटो बदलायला सांगून पाच महिने झाले. "करतो मॅडम." झालं काहीच नाही. मी स्वतः चांगले काढून पाठवले, तर त्याने ते बादलीच्या मागे नेऊन लावले. आता एकूण चौदा फोटो आहेत आणि पहिली अजूनही बादलीच.

पण खरं सांगू का, फोटोवर मी चिडते कारण त्यावर चिडणं सोपं आहे. आमचं घोडं अडलंय ते आकड्यापाशी. आणि तो आकडा लावला माझ्या दादाने.

दादा राहतो लांब. वर्षाकाठी एकदा येतो, दोन दिवस राहतो आणि उरलेले दिवस फोनवर उंटावरून शेळ्या हाकतो. आई-बाबांचं घर विकायचं ठरलं तेव्हा त्याने मोबाइलवर दोन तास घालवून आसपासच्या घरांचे भाव काढले, त्यातला सगळ्यात वरचा धरला आणि वर म्हणाला, "आपलं तर कोपऱ्यावरचं आहे, अजून दहा टक्के चढवू. लोक घासाघीस करणारच." मी मान डोलावली. मीही काही शहाणी नव्हते.

त्यानंतर सहा महिन्यांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला की दादाने जे भाव बघितले ते विकल्या गेलेल्या घरांचे नव्हतेच. ते जाहिरातीतले भाव होते. म्हणजे आमच्यासारखेच कुणीतरी भाऊ-बहीण तिकडे हवेत आकडा लावून बसलेत, त्यांचं घर जात नाहीये, आणि त्या न जाणाऱ्या घरांकडे बघून आम्ही आमचा भाव ठरवला. आता पुढचा कोणी आमच्याकडे बघून त्याचा ठरवत असेल! घराचे किती सांगितले आणि किती मिळाले यात केवढं अंतर असतं, ते विकणारा कधीच कुणाला सांगत नाही. तो भाव चव्हाट्यावर करतो आणि सौदा गुपचूप.

आणि त्या दहा टक्क्यांनी नेमकं काय केलं बघा. हल्ली घर शोधणारा आधी बजेटची चौकट घालतो, अमुकपासून तमुकपर्यंत. आमचा आकडा एका गोल रकमेच्या किंचित वर जाऊन बसला. म्हणजे ज्यांना आमचं घर परवडलं असतं, त्यांना ते दिसलंच नाही. ज्यांना दिसलं, त्यांना त्याच पैशात आमच्यापेक्षा मोठी, नवी घरं दिसत होती. घासाघीस करायला आधी माणूस समोर यावा लागतो दादा! मोठा आकडा सांगितला की बोली वरून सुरू होते हे खरं आहे, पण बोली सुरू झाली तर.

रात्री झोप लागत नाही म्हणून मी यावर वाचत सुटले. १९९० साली डॅनियल कानमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर यांनी कॉफीच्या मगांवर केलेले प्रयोग छापून आले. काही विद्यार्थ्यांना मग देऊन टाकले आणि विचारलं, किती मिळाले तर विकशील? ज्यांना मग मिळाला नव्हता त्यांना विचारलं, कितीला घेशील? हातात मग येऊन जेमतेम काही मिनिटं झालेली, तरी विकणाऱ्यांचा भाव घेणाऱ्यांच्या दुपटीच्या वर. काही मिनिटांच्या मगाची ही कथा, मग ज्या घरात आपण बत्तीस वर्षं भांडलो, आजारी पडलो, अभ्यास केला, त्याचं काय होणार? आपला तो बाब्या. दादाने भाव लावला तो घराचा नाहीच. बाबा ज्या कोपऱ्यात खुर्ची टाकून रेडिओ ऐकायचे त्या कोपऱ्याचा लावला. तिथे भिंतीवर खुर्चीच्या पाठीने पडलेला एक लांबट तेलकट डाग आहे. आम्हाला तिथे बाबा दिसतात. येणाऱ्याला रंगाचा खर्च दिसतो. चूक त्याची नाही.

आता एजंट. हा माणूस पहिल्या दिवशी आला तेव्हा दादाचा आकडा ऐकून म्हणाला, "अगदी बरोबर, मिळून जातील." आमच्याकडे आधी येऊन गेलेल्या एका एजंट बाईंनी त्याहून बराच कमी आकडा सांगितला होता. आम्हाला राग आला होता त्यांचा. आमच्या घराची किंमत कमी करते म्हणजे काय! म्हणून आम्ही याला काम दिलं. आता कळतंय की हा एजंट लोकांचा जुनाच खेळ आहे. आधी मालकाच्या मनातल्या आकड्याला मान डोलवायची, काम पदरात पाडून घ्यायचं, मग चार-सहा महिने मालकाला वाळत ठेवायचं आणि शेवटी "मार्केट थंड आहे मॅडम, थोडं खाली यावं लागेल." तोच माणूस, तेच तोंड. आता तो जो आकडा सुचवतो तो त्या बाईंच्या आकड्याच्याही खाली आहे!

आणि त्याला घाई का, हेही गणितच आहे. दलाली समजा दोन टक्के. मी आणखी थांबून शंभर जास्त मिळवले तर अठ्ठ्याण्णव माझे, दोन त्याचे. त्या दोनासाठी तो का धावपळ करेल? स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हरसन या दोघांनी २००८ मध्ये शिकागो भागातल्या घरविक्रीचा अभ्यास छापला. एजंट स्वतःचं घर विकतो तेव्हा ते गिऱ्हाइकाच्या घरापेक्षा सरासरी साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवतो आणि सुमारे ३.७ टक्के जास्त किंमत मिळवतो. स्वतःच्या घरासाठी थांबायचं आणि आमच्यासाठी "आलेलं गिऱ्हाईक सोडू नका." वाचून मी मोबाइल उशीवर आपटला.

पण तोही जास्तीचं थांबतो ते साडेनऊ दिवस. अकरा महिने नाही. हे मात्र मी दादाला दाखवलं तेव्हा त्याने "बघ, थांबलं की जास्त मिळतात" एवढंच त्यातून घेतलं.

थांबण्याचंही एक वय असतं हो. पहिल्या महिन्यात आमच्याकडे एकोणीस जण येऊन गेले. त्यांच्यातच घेणारे होते. जे महिनोन्महिने शोधत असतात ते नवीन घर लागलं की झडप घालतात, बघतात आणि पुढे जातात. आता महिन्याला एखादा येतो, आणि तो आल्या आल्या काय विचारतो? "किती दिवसांपासून आहे विकायला?" मी सांगितलं की त्याचा चेहरा बदलतो. इतक्यांनी बघून सोडलं म्हणजे काहीतरी भानगड असणार. भानगड काही नाही रे बाबा, आकडा चुकला होता! पण हे सांगायचं कसं? घरात दोष नाही हे घरमालकाच्या तोंडून कोण ऐकून घेणार.

आणि दोषाचं म्हणाल तर एक आहेच. मागच्या बेडरूमच्या छताला, बाथरूमच्या बाजूला, ताटाएवढी ओल आहे. मी सुरुवातीलाच म्हणत होते, वरचा पाइप बदलू. दादा म्हणाला, विकायच्या घरावर कशाला पैसे घालायचे, घेणारा करेल की. मग त्या नावं ठेवणाऱ्या तिघांपैकी दुसरं गिऱ्हाईक, एक बाई, येणार होत्या तेव्हा दादाने फोनवरून रंगारी पाठवला आणि आदल्या संध्याकाळी तेवढाच तुकडा पांढरा करून घेतला. दुसऱ्या दिवशी सगळं छत पिवळटलेलं आणि मधोमध चकचकीत पांढरं ताट! वर खोलीत ताज्या रंगाचा वास. त्या बाई पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग मान वर करून शांतपणे म्हणाल्या, "इथंच का रंगवलंय?" मी काय बोलणार? मी म्हटलं, "जरासं... राहिलं होतं." त्यानंतर मी जे जे खरं सांगितलं, वायरिंग नवीन आहे, गच्चीचं काम झालंय, कागद स्वच्छ आहेत, त्यातला एक शब्दही त्यांना पटला नाही. दिसत होतं चेहऱ्यावर. ओल बघून त्यांनी पाइपाचा खर्च वजा केला असता. रंग बघून त्यांनी आमच्यावरचा विश्वास वजा केला. आणि झाकलेलं काय असेल याचा हिशेब माणूस नेहमी वाईटातला वाईट धरूनच करतो. मीही तेच केलं असतं.

पहिले कसे गेले? दादाने "एक पैसा कमी नाही" असा मेसेज थेट त्यांनाच पाठवला. तिसरे गेले ते कर्जामुळे, त्यात आमचा दोष नाही. व्याजदर वाढला की काय होतं हे मला तेव्हा कळलं. वीस वर्षांच्या कर्जाचा दर ७ वरून ९ टक्के झाला तर तोच हप्ता भरून जवळजवळ १४ टक्के कमी कर्ज मिळतं. माणूस तोच, पगार तोच, आणि त्याच्या आवाक्यातलं घर एक खोलीने लहान होतं. दादाला हे सांगितलं तर म्हणतो, "तो त्यांचा प्रश्न."

त्यांचा प्रश्न! आणि रिकाम्या घराचं वीजबिल, कर, महिन्याकाठी साफसफाई, बंद घराला येणारा तो कोंदट वास, तो कुणाचा प्रश्न? त्या वासाचीही गंमत आहे, मला तो येतच नाही आता. नाक सरावलंय. परवा माझी मैत्रीण आली, दारातच थबकली आणि म्हणाली, "अगं, इथे कुबट येतंय." अकरा महिने लोक दारातच तो वास घेत होते आणि मला वाटायचं, नाक मुरडतायत ते भावावर.

मागच्या आठवड्यात दादाला फोन करून सांगितलं की मी पाइप माझ्या पैशाने बदलतेय, सगळं छत रंगवतेय आणि आकडा त्या एजंट बाईंनी सांगितला होता तिथे आणतेय. बराच वेळ तिकडून आवाज नाही. मग म्हणाला, "बाबांना आवडलं नसतं." मी म्हटलं, "बाबांनी पाइप दोन वर्षं आधीच बदलला असता." यावर त्याने फोन ठेवला. अजून उचललेला नाही.

आत्ताच एजंटचा मेसेज आलाय. "मॅडम उद्या एक पार्टी येतेय, एकदम जेन्युइन." खाली पार्टीने पाठवलेला प्रश्न जसाच्या तसा पुढे ढकललाय: "फायनल किती?" घर बघायच्या आधी. वर आमच्या जाहिरातीची लिंक, आणि लिंकवर छोट्या चौकोनात दिसतेय ती बादली.

ती बादली मी मार्चमध्येच फेकून दिली.